धनी नसलेल्या वहीचा कारभार

पेढी म्हटली की तिला धनी असतो, धन्याच्या हाताखाली मुनीम असतो आणि मुनिमाच्या हाती वही असते. वहीत काय लिहावे, कसे लिहावे आणि एखादी नोंद चुकली तर ती कशी दुरुस्त करावी, याविषयी अखेरचा शब्द धन्याचा. पेढी भागीदारीची असो, सहकारी असो की कंपनी असो, शेवटी सही कोणाची चालते हा प्रश्न विचारला म्हणजे कोणाचे तरी नाव निघतेच. आता अशी एक वही कल्पनेत आणावी की जिच्या नकला जगभर हजारो संगणकांत ठेवलेल्या आहेत. जीत जानेवारी २००९ पासून आजवरचा प्रत्येक व्यवहार नोंदलेला आहे. जीत सुमारे दर दहा मिनिटांनी एक नवे पान वाढते. आणि जिला धनी नाही, मुनीम नाही, मुख्य कचेरी नाही. तिचे नियम कोणी ठरवावयाचे? नियमांत चूक निघाली तर ती कोणी दुरुस्त करावयाची? आणि दुरुस्तीच्या नावाखाली कोणी लबाडी करू लागला तर त्याचा हात कोणी धरावयाचा?

बिटकॉइन या नावाने सर्वश्रुत झालेली वही ती हीच. तिच्या भावाच्या चढउताराविषयी वर्तमानपत्रांत वरचेवर छापून येते. परंतु ती चालविणारी आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, एकमेकांचे तोंडही न पाहिलेली माणसे मिळून कशी लिहितात, याविषयी मराठीत फारसे कोणी लिहिलेले आढळत नाही. प्रस्तुत लेखात तेवढेच सांगण्याचा विचार आहे.

प्रारंभीच एक खुलासा करणे अवश्य आहे. बिटकॉइन घ्यावे किंवा न घ्यावे, यासंबंधी हा लेख नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्याचे फर्मान काढले, सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते रद्द ठरविले, आणि १ एप्रिल २०२२ पासून अशा व्यवहारांतील नफ्यावर ३० टक्के आयकर लागू झाला, हे सभासदांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. ज्यांस नसेल त्यांनी आपल्या हिशेबतपासनिसास विचारावे. मी धान्याचा घाऊक व्यापारी. ज्या मालात हात घालून दाणा चोळून पाहता येत नाही त्यात रक्कम गुंतविण्याची मला हौस नाही. परंतु चाळीस वर्षे कीर्द-खतावणीशी संबंध आल्यामुळे, वही कोणतीही असो, ती खरी कशी राहते हे जाणून घेण्याची जिज्ञासा मात्र आहे. शिवाय आपल्या कित्येक घरांतील मुलेमुली आज संगणकाच्या व्यवसायात आहेत. त्यांच्या कामाची रीत वडीलधाऱ्यांस थोडीबहुत कळावी, हाही हेतू आहे.

प्रथम वहीची रचना पाहू. आपल्या रोजमेळात एका पानाची बेरीज पुढील पानाच्या माथ्यावर ओढतात. त्यामुळे मागील पानावर कोणी खाडाखोड केली तर पुढील सर्व पानांचा मेळ बिघडतो आणि चोरी उघडी पडते. ब्लॉकचेनची युक्ती मुळात हीच. बेरजेऐवजी तेथे 'हॅश' वापरतात, एवढाच फरक. हॅश म्हणजे पानावरील सर्व मजकुरापासून गणिताने काढलेली एक लांबलचक संख्या. पानावरचे एक अक्षर बदलले तरी ती सर्वस्वी बदलते. प्रत्येक पानाच्या माथ्यावर मागील पानाची हॅश लिहिलेली असते. पान जोडण्याचा मान मिळविण्यासाठी काही लोक मोठमोठे संगणक राबवितात; त्यांना मायनर म्हणतात, आणि ज्याचे पान लागते त्यास मेहनताना म्हणून नवे बिटकॉइन मिळतात. हा मेहनताना सुमारे दर चार वर्षांनी निम्मा होतो, आणि बिटकॉइनची एकूण संख्या कधीही २ कोटी १० लाखांपलीकडे जाऊ नये असा नियम आहे. जो कोणी वहीची नक्कल बाळगून प्रत्येक नवे पान नियमांशी ताडून पाहतो, त्याच्या संगणकास नोड म्हणतात. नियमबाह्य पान आले तर नोड ते नाकारतो, मग पाठविणारा मायनर कितीही बलाढ्य असो. आणि नियम म्हणजे तरी काय, तर त्या नोडवर चालणारी आज्ञावली. तेव्हा आज्ञावली ज्याच्या हाती, वही त्याच्या हाती, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात तसे का घडत नाही, तोच या लेखाचा विषय होय.

सातोशी नाकामोतो असे नाव घेतलेल्या एका अज्ञात व्यक्तीने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी नऊ पानांचा एक निबंध इंटरनेटवर प्रसिद्ध केला आणि जानेवारी २००९ मध्ये त्या निबंधाप्रमाणे चालणारी आज्ञावली सर्वांस खुली केली. खुली याचा अर्थ येथे फुकट याहून मोठा आहे. ती आज्ञावली कोणीही वाचावी, बदलावी, विकावी, आपल्या नावाने चालवावी. मूळ परवान्याचा मजकूर सोबत ठेवला म्हणजे झाले. यालाच ओपन सोर्स किंवा मुक्तस्रोत म्हणतात. हलवायाने मिठाईच्या पुड्याबरोबर कृतीही लिहून द्यावी, त्यातला हा प्रकार.

सातोशी २०१० च्या अखेरीपासून दूर होत गेला आणि २०११ साली त्याने उरलासुरला संबंधही तोडला. तो कोण होता हे आजही सिद्ध झालेले नाही. जाताना त्याने कारभार गॅव्हिन अँड्रेसन या अमेरिकेतील प्रोग्रामरकडे दिला. एप्रिल २०१४ मध्ये तो व्लादिमिर व्हान डेर लान या डच गृहस्थांकडे आला. आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनी किल्ली खाली ठेवली, ती पुन्हा कोणा एका मुख्याच्या हाती गेली नाही. २०१४ पासून या आज्ञावलीस 'बिटकॉइन कोअर' असे म्हणतात. तीत बदल प्रत्यक्ष घालण्याचा अधिकार हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच लोकांस असतो. त्यांना मेंटेनर म्हणतात. राखणदार असा त्याचा अर्थ घेतला तर चालेल. मालक असा घेतला तर घोटाळा होईल.

आता एखादा बदल कसा होतो ते पाहू. आज्ञावलीचा सर्व मजकूर 'गिट' नावाच्या पद्धतीने ठेवलेला असतो. लिनस टोरवाल्ड्स या प्रोग्रामरने ही पद्धत २००५ साली लिनक्स या दुसऱ्या मुक्तस्रोत कामासाठी रचली. कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली आणि कशासाठी, हे प्रत्येक बदलाबरोबर तीत नोंदले जाते, आणि संपूर्ण इतिहासाची नक्कल काम करणाऱ्या प्रत्येकाजवळ असते. सर्वांची सामायिक प्रत 'गिटहब' नावाच्या ठिकाणी आहे. ते ठिकाण मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१८ साली साडेसात अब्ज डॉलरांस विकत घेतले. म्हणजे गाळा भाड्याचा आहे म्हणा ना. पण उद्या गाळ्याच्या मालकाने कुलूप ठोकले तरी माल प्रत्येकाच्या घरी सुखरूप आहे.

ज्याला बदल सुचवावयाचा असेल तो आपल्या घरच्या नकलेत तो करतो आणि 'हा स्वीकारावा' अशी विनंती मांडतो. तिला पुल रिक्वेस्ट म्हणतात. ही विनंती जगातील कोणीही करू शकतो. पदवी विचारीत नाहीत, देश विचारीत नाहीत. पुष्कळ जण टोपणनावानेच वर्षानुवर्षे काम करतात आणि त्यांची प्रतिष्ठा त्या टोपणनावाभोवतीच जमा होते. वहीच्या मूळ नियमांना हात घालणारा बदल असेल तर आधी त्याचा रीतसर मसुदा लिहून चर्चेस ठेवावा लागतो. ही प्रथा २०११ साली अमीर ताकी यांनी घालून दिली.

विनंती मांडली की तपासणी सुरू होते, आणि या कारभाराचे खरे वर्म येथे आहे. तपासणारे लोक बदलाची ओळन् ओळ वाचतात, आपल्या संगणकावर चालवून पाहतात, मुद्दाम वेडेवाकडे आकडे घालून ती मोडते का ते पाहतात, आणि मग आपला अभिप्राय नोंदवितात. मान्य असेल तर 'ॲक', अमान्य असेल तर 'नॅक', अशी त्यांची सांकेतिक भाषा आहे. कल्पना पसंत पण मजकूर अजून तपासलेला नाही, यासाठी 'कन्सेप्ट ॲक' असा निराळा शेरा आहे. नुसते मान्य म्हणून भागत नाही. कोणती प्रत तपासली तिची खूण द्यावी लागते, कारण तपासल्यानंतर मागाहून एक अक्षर जरी बदलले तर ती संमती शिळी झाली. त्याचप्रमाणे कारण न देता अमान्य म्हणणाऱ्याकडे दुर्लक्ष करण्याची मुभा आहे. येथे हात वर करून मतमोजणी होत नाही. ज्याने त्या विषयात पूर्वी खोल काम केले आहे त्याच्या एका शंकेस, दहा नवख्यांच्या होकारापेक्षा अधिक वजन असते. शंका फिटल्या, यंत्राने घ्यावयाच्या शेकडो चाचण्या पार पडल्या, म्हणजे मेंटेनर तो बदल मूळ प्रतीत घालतो. शंका फिटल्या नाहीत तर विनंती महिनेच्या महिने, क्वचित वर्षानुवर्षे, तशीच पडून राहते. टॅपरूट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुधारणेचेच पाहा. ग्रेगरी मॅक्सवेल यांनी तिची कल्पना जानेवारी २०१८ मध्ये मांडली. तिचा मजकूर ऑक्टोबर २०२० मध्ये आज्ञावलीत आला. आणि ती वहीस प्रत्यक्ष लागू झाली १४ नोव्हेंबर २०२१ रोजी. एवढ्या अवधीत आपल्याकडे कितीतरी हंगाम येऊन जातात.

या कामात लिहिणाऱ्यांपेक्षा तपासणाऱ्यांचीच टंचाई सदैव भासते, असे त्यातील अनुभवी लोक वारंवार सांगतात. त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. नवे काही रचण्यात नाव आहे. दुसऱ्याने रचलेल्यातील खोट शोधण्यात घाम फार आणि नाव थोडे. पोत्यात लोखंडी नळी खुपसून मधला आणि तळचा दाणा बाहेर काढणारा हमाल खरेदीच्या पावतीवर कुठेच दिसत नाही. पण वरच्या चार मुठी पाहून ज्यांनी खरेदी केली त्यांची दशा पेठेने पाहिलेली आहे.

सुमारे दर सहा महिन्यांनी आज्ञावलीची नवी आवृत्ती निघते. तीसंबंधी दोन गोष्टी मला विशेष वाटल्या. आज्ञावलीचा माणसास वाचता येणारा मजकूर निराळा आणि संगणकावर चालणारी फाइल निराळी; पहिल्यापासून दुसरी तयार करावी लागते. मजकूर चोख असला तरी तयार करणाऱ्याने मध्येच काही भेसळ केली तर? यावर त्यांनी असा तोडगा काढला आहे की निरनिराळ्या देशांतील अनेक जणांनी एकाच मजकुरापासून आपापल्या घरी ती फाइल तयार करावयाची आणि तिची हॅश आपल्या सहीनिशी जाहीर करावयाची. सर्वांची संख्या तंतोतंत जुळली पाहिजे. दहा गिरण्यांत दळलेले पीठ कणाकणाने सारखे निघावे, असा हा आग्रह. धान्याच्या बाबतीत तो अशक्य, आज्ञावलीच्या बाबतीत तो त्यांनी साधला आहे. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. आपल्या हातातील फोनमधील ॲप रात्रीतून आपोआप बदलतात. बिटकॉइन कोअरमध्ये तशी सोय मुद्दामच ठेवलेली नाही. नवी आवृत्ती घ्यावयाची की जुनीच चालवावयाची, हे नोड बाळगणारा प्रत्येक जण स्वतः ठरवितो. लिहिणाऱ्यांची सत्ता त्याच्या उंबरठ्यापाशी संपते.

ही झाली रीत. ती कसाला लागली कशी, ते सांगितल्याखेरीज विषय पुरा व्हावयाचा नाही.

१५ ऑगस्ट २०१० रोजी वहीच्या ७४,६३८ क्रमांकाच्या पानावर एका व्यवहारात १८४ अब्जांहून अधिक बिटकॉइन कोणीतरी शून्यातून निर्माण केले. बेरजेचा आकडा फार मोठा झाला की तो उलटा फिरतो, ही उणीव कोणीतरी हेरली होती. तेव्हा सातोशी अजून कामावर होता. काही तासांत दुरुस्त आवृत्ती निघाली, ती चालविणाऱ्यांनी ते पान नाकारून निराळ्या पानांनी वही पुढे चालविली, आणि ती खोटी रक्कम नाहीशी झाली. त्या वेळी वही लहान होती, लोक थोडे होते, निभावले.

मार्च २०१३ मधील प्रसंग अधिक बोधप्रद आहे. फेब्रुवारीत ०.८ ही आवृत्ती निघाली होती. तीत नोंदी साठविण्याचे जुने साधन काढून नवे, अधिक वेगवान साधन घातले होते. ११ मार्चच्या रात्री एका मायनरने पुष्कळ नोंदी असलेले एक मोठे पान जोडले. नव्या आवृत्तीने ते स्वीकारले, जुन्या ०.७ आवृत्तीने नाकारले. का नाकारले? तर जुन्या साधनात एका वेळी किती नोंदींना कुलूप लावता येईल याला एक मर्यादा होती. ती मर्यादा कोणत्याही नियमात लिहिलेली नव्हती, आणि ती कोणाच्या ध्यानीमनीही नव्हती. परिणाम असा झाला की काही तास एका वहीच्या दोन वह्या झाल्या आणि दोन्हींत पाने वाढू लागली. त्या अवधीत एका गिऱ्हाइकाने तीच रक्कम दोन्हीकडे खर्चून दाखविली, एवढा हा धोका खरा होता.

तर्काने पाहता नवी आवृत्ती बरोबर होती आणि बहुसंख्य मायनरही तिच्याच बाजूस होते. तरीही आज्ञावली लिहिणाऱ्यांनी रातोरात चर्चा करून उलट निर्णय सुचविला: सर्वांनी जुन्याकडे परत फिरावे. कारण जुन्या वहीची पाने नव्या आवृत्तीस मान्य होती. नव्या वहीचे ते मोठे पान मात्र जुन्या आवृत्तीस कदापि मान्य होणार नव्हते, आणि जुनी आवृत्ती चालविणारे दुकानदार व पेढ्या जगभर पसरलेल्या होत्या. हुकूम देण्याचा अधिकार कोणासच नव्हता. विनंती करता येत होती. बीटीसी गिल्ड नावाच्या मायनरांच्या मोठ्या समूहाच्या चालकाने ती मानली आणि आपली यंत्रे ०.७ वर परत नेली. त्या वेळी प्रत्येक पानास २५ बिटकॉइन मेहनताना होता, आणि सोडून दिलेली पाने वीसहून अधिक होती. त्या पानांवरील मेहनतान्यावर पाणी सोडावे लागले. वही एक राहिली नाही तर त्या मेहनतान्यास किंमत ती काय, हा त्यातला व्यवहार. स्वार्थ नीट समजला म्हणजे तो किती उपयोगी पडतो, याचे हे उदाहरण मला फार आवडते.

यानंतर आला तो मात्र खरा कलह. एका पानाचा आकार एक मेगाबाइटहून मोठा नसावा अशी मर्यादा सातोशीने २०१० साली घातली होती. गिऱ्हाइकी वाढली तशी पाने भरू लागली आणि नोंदीचा खर्च चढू लागला. पान मोठे करा, असा एक पक्ष. पान मोठे केले तर वहीची नक्कल ठेवणे सामान्य माणसाच्या संगणकास झेपणार नाही आणि वही पुन्हा चार बड्यांच्या हाती जाईल, असा दुसरा. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते, म्हणूनच भांडण विकोपास गेले. २०१५ साली गॅव्हिन अँड्रेसन आणि माइक हर्न यांनी मोठ्या पानांची निराळी आवृत्ती पुढे केली. ती फारशी कोणी घेतली नाही. मे २०१७ मध्ये न्यूयॉर्क येथे २२ देशांतील ५८ कंपन्यांनी एक करार जाहीर केला. पान जोडण्याच्या एकूण शक्तीपैकी ८३ टक्क्यांहून अधिक शक्ती आपल्या पाठीशी आहे, असा त्यांचा दावा होता. सह्यांचा भाग निराळा ठेवून जागा वाचविणारी 'सेगविट' ही सुधारणा आधी घ्यावी आणि त्यानंतर पानाची मर्यादा दुप्पट करावी, असे त्यात ठरले होते.

व्यापारी संघटनेच्या स्मरणिकेत हे लिहिताना मला गंमत वाटते, कारण आपल्या समजुतीप्रमाणे ५८ मोठ्या पेढ्यांनी एकत्र बसून ठरविले की बाजाराचा नियम झाला. येथे तसे झाले नाही. सामान्य नोडवाल्यांपैकी काहींनी आपणहून अशी आवृत्ती चालविली की १ ऑगस्ट २०१७ नंतर सेगविटला पाठिंबा न दर्शविणारे पान आम्ही नाकारू. २४ ऑगस्ट रोजी सेगविट लागू झाले. मोठ्या पानांच्या कट्टर पुरस्कर्त्यांनी १ ऑगस्ट रोजीच आपली वही वेगळी केली आणि तिला 'बिटकॉइन कॅश' असे नाव दिले. आज्ञावली मुक्त असल्यामुळे त्यांना कोणाचीही परवानगी लागली नाही. आणि करारातील पान दुप्पट करण्याचा भाग? पुरेशी सहमती नाही, असे सांगून तो पुरस्कर्त्यांनीच ८ नोव्हेंबर रोजी मागे घेतला. त्या वर्षांत एकमेकांविषयी जे लिहिले बोलले गेले ते मात्र वाचवत नाही. धनी नसला की भांडणेही धनी नसल्यासारखीच होतात, आणि ती मिटविण्यास कोणी वडीलधारा पुढे येत नाही. या पद्धतीचा हा दोष झाकण्यासारखा नाही.

त्या कडवटपणाची पार्श्वभूमी ध्यानात ठेवून पुढील हकीकत वाचावी. १७ सप्टेंबर २०१८ रोजी बिटकॉइन कोअरच्या काही लोकांस एक खाजगी सूचना मिळाली की आज्ञावलीत गंभीर चूक आहे. एकाच व्यवहारात एकच शिल्लक दोनदा दाखविली तर नोड कोसळेल, असे त्यात म्हटले होते. तपास करताना लक्षात आले की चूक त्याहून घातक आहे. नुसता नोड कोसळेल एवढेच नव्हे, तर विशिष्ट आवृत्त्यांत तो व्यवहार खपून जाईल आणि बिटकॉइन शून्यातून निर्माण होतील. एकाच हुंडीचा एकाच पावतीत दोनदा वटाव व्हावा, तसे. २ कोटी १० लाखांची मर्यादा, जिच्यावर सारा विश्वास उभा, तीच त्यामुळे फुटणार होती. ही तपासणी पूर्वी आज्ञावलीत होती. दुसरीकडे तीच तपासणी होते, मग येथे पुन्हा कशाला, अशा समजुतीने वेग वाढविण्यासाठी ती वगळली गेली, आणि तो बदल अनेक तज्ज्ञांच्या नजरेखालून गेला होता. २०१७ सालापासून ती उणीव तेथे होती. हजारो लोकांस मजकूर वाचण्यास खुला होता. कोणाच्या दृष्टीस पडली नाही.

सूचना देणारा कोण? तो टोपणनावाने काम करणारा प्रोग्रामर विरुद्ध पक्षातला, बिटकॉइन कॅशच्या गोटातला होता. त्याने ती चूक वापरली असती तर प्रतिस्पर्ध्याची वही उद्ध्वस्त होऊन आपल्या पक्षाचा जय झाला असता, असे एखाद्यास वाटेल. त्याने गुपचूप कळविले. दुसऱ्याच दिवशी, १८ सप्टेंबरला, दुरुस्त आवृत्ती निघाली. जाहीर करताना चुकीचे अर्धेच स्वरूप सांगितले गेले, कारण पूर्ण सांगितले असते तर लोकांनी नवी आवृत्ती घेण्याआधीच कोणी तिचा गैरफायदा घेतला असता. पूर्ण हकीकत २० सप्टेंबरला प्रसिद्ध झाली. बिटकॉइनच्या वहीवर त्या चुकीचा उपयोग कोणीही करू शकला नाही. उघडेपणाची आरती ओवाळणाऱ्यांनी हा प्रसंग नीट पाहावा असे मला वाटते. मजकूर सर्वांस खुला असणे आणि तो कोणीतरी खरोखर वाचणे, या दोहोंत दीड वर्षाचे अंतर पडू शकते.

आता पैशाची गोष्ट. ही माणसे खातात काय? पुष्कळ जण फावल्या वेळात काम करतात. प्रारंभी २०१२ साली स्थापन झालेली बिटकॉइन फाउंडेशन ही संस्था अँड्रेसन यांस वेतन देत असे. २०१५ च्या सुमारास तिची गंगाजळी आटली तेव्हा एमआयटी या विद्यापीठाने काही प्रोग्रामरांना आश्रय दिला. पुढे न्यूयॉर्कची चेनकोड लॅब्ज, ब्लॉकस्ट्रीम ही कंपनी, २०२० साली निघालेली ब्रिंक ही संस्था, अशा अनेकांनी पगार किंवा अनुदान देण्यास सुरुवात केली. देणारे अनेक असणे बरे. एकाच यजमानाच्या अन्नावर सर्व तपासनीस जगू लागले तर तपासणीचे काय होते, हे सांगण्यास अर्थशास्त्री लागत नाही.

वेतनापेक्षा बिकट प्रश्न जबाबदारीचा. क्रेग राइट या ऑस्ट्रेलियन गृहस्थाने आपणच सातोशी असल्याचा दावा केला होता. त्याच्या ट्युलिप ट्रेडिंग या कंपनीने लंडनमध्ये व्हान डेर लान आणि इतर प्रोग्रामरांवर फिर्याद केली: आमच्या सुमारे १,११,००० बिटकॉइनच्या किल्ल्या चोरीस गेल्या, आज्ञावली लिहिणारे हे लोक विश्वस्तासारखे आहेत, तेव्हा आज्ञावली बदलून त्यांनी आमची रक्कम आम्हांस मिळवून द्यावी. मार्च २०२२ मध्ये खालच्या न्यायालयाने ती फेटाळली. फेब्रुवारी २०२३ मध्ये अपील न्यायालयाने, हा प्रश्न सुनावणीस घेण्याजोगा आहे, असे म्हटले. पुढे मार्च २०२४ मध्ये दुसऱ्या एका दाव्यात राइट हा सातोशी नाही असा निकाल लागला आणि ट्युलिपची फिर्याद मागे पडली. त्यामुळे विश्वस्तपणाचा प्रश्न निकालात निघालाच नाही. देवस्थानाच्या किंवा धर्मादायाच्या विश्वस्तपदाचा अनुभव असलेल्या सभासदांस त्याचे गांभीर्य कळेल. विश्वस्तावर कर्तव्य असते, कारण त्याच्या हाती सत्ता असते. ज्याने लिहिलेले कोणी घेतले तर घेतले, नाही तर नाही, त्याच्यावर विश्वस्ताचे ओझे कसे टाकावयाचे? उलट, मूळ प्रतीची किल्ली मूठभरांकडे आहे आणि बहुतेक लोक न वाचताच नवी आवृत्ती घेतात, हेही खरे. मला स्वतःस पहिला पक्ष अधिक पटतो, परंतु दुसऱ्याचे उत्तर अद्याप कोणी पुरते दिलेले दिसत नाही.

शेवटी, आपल्या घरातील एखाद्या मुलास वा मुलीस या कामात शिरण्याची इच्छा झाली तर काय करावे, ते सांगतो. विद्यार्थ्यांसाठी 'समर ऑफ बिटकॉइन' नावाचा उन्हाळी उपक्रम २०२१ पासून सुरू झाला, त्यात भारतीय विद्यार्थीही काम करून आले आहेत. बिटकॉइन कोअरच्या तपासणीचे धडे देणारी एक मंडळी २०१९ पासून भरू लागली. एखादी विनंती आधी नेमून देतात आणि मग सर्व जण मिळून ती ओळीओळीने वाचतात. प्रवेशशुल्क नाही. नवख्याने पहिल्याच दिवशी स्वतःचा बदल घेऊन जाऊ नये, असा जाणत्यांचा सल्ला आहे. मूळ मजकूर आपल्या संगणकावर उतरवून घ्यावा, त्यापासून चालणारी फाइल स्वतः तयार करावी, सर्व चाचण्या चालवून पाहाव्यात. मग दुसऱ्या कोणी मांडलेली एखादी लहानशी विनंती घ्यावी, ती वाचावी, चालवावी, मोडण्याचा प्रयत्न करावा, आणि आपण कोणती प्रत तपासली, कोणत्या संगणकावर, काय आढळले आणि काय समजले नाही, हे चार ओळींत तिच्याखाली लिहावे. पहिले काही महिने एवढेच काम.